लग्नात फुटलेली दाढ

थांबा, हातातलं काम ठेवा बाजूले. हे मले आत्ताच्या आत्ता सांगायचं आहे. मंग सांगू म्हटलं तर माह्या पोटात राहणार नाई, आन चुलीवरचं उतू गेलं तरी जाऊ द्या!

माही दाढ फुटली. फुटली कुठी तर माह्याच लग्नात, भर मांडवात!

आमच्याकडे विडा तोडायचा खेळ असते ना. नवरीनं पानाचा विडा दातात धरायचा आन नवरदेवानं तोंडानं अर्धा तोडून घ्यायचा. सारा मांडव गोळा होते, बाया गाणे म्हणतात, बुढे लोकं तिकडे पाहत नसल्यासारखं करून सगळं पाहतात. माह्या मैत्रिणींनी मले कधीपासून पढवून ठेवलं होतं, "सोडजो नको वं! विडा सोडला तर जन्मभर त्याचंच चालते." मंग काय! मी विडा समोरच्या दातात धरलाच नाई. सरकवला डाव्या दाढेखाली आन दाबला. हे बिचारे मान पुढं करून ओढून राह्यले, मांडव हासून राह्यला, मी अजूनच दाबला. कडकन आवाज आला.

"तुटला रे तुटला!" सगळे ओरडले.

विडा कायचा तुटते! माह्या नणंदेनं, भावाची फजिती पाहायले, कातरलेल्या सुपारीच्या जागी अख्खी सुपारी घालून ठेवली होती. ती बाहेर निघाली तर साबूत, एक ओरखडा नाई! नणंद पोट धरून हासली, मीबी हासली, आन माह्या डोळ्यात जे पाणी आलं ते लोकाइले वाटलं, पोरीचं माहेर सुटून राह्यलं.

सासर माहं मूल तालुक्यातलं, धानाचं गाव. तिथी गेली आन दाढेचे नखरे सुरू झाले. आता नीट ऐका, कारण हे दुखणं भलतंच होतं. ठणकत नव्हतं. सूज नाई, कीड नाई, आरशात पाहिलं तर दाढ जशीच्या तशी. मऊ भात खाल्ला तर काहीच नाई. पण लाखोळीचा, त्या कडक कडधान्याचा, भाजलेला दाणा त्या बाजूनं आला का चावताना दाढ गप, आन दात उचलला का सटकन कळ! चावताना नाई, सोडताना! असं कुठी ऐकलं होतं काय? विहिरीचं थंड पाणी प्यायली का दुसरी कळ, सुईसारखी, आली तशी पळून जाय.

मी आपली उजव्या गालानं हळूहळू खाय. सासूबाईचं लक्ष गेलंच.

"काऊन वं पोरी, आमचा भात गोड नाई लागत काय?"

"लागते ना आत्याबाई."

"मंग एकाच गालात कोंबून काय खाते, माकडीनवानी?"

नणंद म्हणे, "आई, वहिनीले माहेरची आठवन येऊन राह्यली."

"माहेरची आठवन डाव्या गालात येते काय?"

शेवटी सांगून टाकलं. सासूबाईचा निकाल तयारच होता, दातात किडा! गावातल्या एका बुढीले बोलावलं. तिनं निखाऱ्यावर भुईरिंगणीचं बी टाकलं आन नळीनं धूर माह्या तोंडात सोडला. माह्या डोळ्यातून, नाकातून सगळीकडून पाणी! खाली परातीतल्या पाण्यात बारकं पांढरं काहीतरी तरंगलं.

"निघाले वं बाई, किडे निघाले!"

सगळ्या बाया खूश. मीबी खूश! दुसऱ्या दिवशी सकाळीच मोठ्या हिमतीनं दाणा चावला. सटकन! किडे गेले म्हणे, पण कळ माह्याकडेच राह्यली.

मंग एका दुपारी जेवताना तोंडात कचकन लागलं. बोटानं काढलं तर बारका पांढरा खडा. लपवणार तेवढ्यात सासूबाईनं पाहिलं आन ताटावरून उठल्या. तुमाले माहीत नाई, आमच्या सासूबाई तांदूळ निवडण्यात गावात नावाजलेल्या! लग्नाच्या पंगतीचे तांदूळ लोकं त्यायच्या नजरेखालून काढून नेतात.

"माह्या भातात खडा? दे इकडं!"

तळहातावर घेतला, दाराशी उजेडात नेला, नखानं उलटा-पालटा केला.

"हा आपल्या तांदळातला नोहे," सासूबाई म्हणाल्या. "याले एका बाजूनं चकाकी हाय." मंग माह्याकडे पाहिलं. "आ कर."

मी आ केला.

"अवो बाई! दाढेचा कोपराच नाई हिच्या!"

आन त्यायचा चेहरा कसा खुलला म्हणून सांगू! भात निर्दोष सुटला ना! पण पुढचं ऐकून माहा जीवच उडाला.

"फुटली म्हनजे गेली. येत्या बाजाराले काढून टाकू."

आमच्या बाजारात दात काढणारा बसते. समोर फडकं, फडक्यावर काढलेल्या दातायचा ढीग. मले माही दाढ त्या ढिगात नको होती! वय काय माहं? फुटकी असो, वाकडी असो, माही होती ती! आमच्या यायले दया आली. म्हणाले, "आई, बाजाराच्या पहिले चांद्याच्या दाताच्या डॉक्टरले दाखवू."

"दाखवा. शहरात काढू. पन मीबी येईन."

निघालो छोट्या रुळाच्या रेल्वेगाडीनं. डॉक्टर खुर्चीत बसवते न बसवते, पहिलाच सवाल, "दुखतं कधी? चावताना की सोडताना?"

मी खुर्चीतून उडालीच! "सोडताना! सोडताना!"

त्यानं दाढेच्या एकेका टोकावर लाकडाची काडी ठेवली. "चावा. आता सोडा." पहिल्या टोकाले काही नाई. दुसऱ्याले, "आई वं!"

"हेच ते," डॉक्टर म्हणाला. "एक कोपरा गेला, आणि उरलेल्या दाढेला चीर आहे. चावलं की चीर उघडते, सोडलं की मिटते, तेव्हा कळ येते. नुसता खड्डा बुजवायचा मसाला भरला तर पुढच्या दाण्याला ही भिंतही जाईल."

"मंग काढा," सासूबाई म्हणाल्या.

"काढायची कशाला? मूळ घट्ट आहे. थंड पाण्याची कळ लगेच जाते, म्हणजे नस ठीक आहे. चीर हिरडीखाली मुळापर्यंत गेली असती तर मीच काढली असती. ही वरच आहे. हिला चारी बाजूंनी आवळणारी टोपी बसवावी लागेल."

सासूबाई वाकून माह्या उघड्या तोंडात पाहू लागल्या.

"म्हनजे बंडीच्या चाकाले धाव चढवते तसं?"

"धाव?" डॉक्टरनं विचारलं.

"अवो भाऊ, चाकाले चीर गेली म्हनून चाक चुलीत घालते काय कोनी? लोखंडाची धाव चढवाची, ते लाकडाले आवळून धरते. असंच ना?"

"अगदी असंच!"

"मंग चढवा ना! कवाचं नुसतं बोलून राह्यले!" आन पुन्हा, "पन सोन्याची हं. माह्या सुनेच्या तोंडात लोखंड नाई चालत."

अवो, मागची दाढ, कोण पाहते! पण त्यायनं ठरवलं का ठरवलं. मंग डॉक्टरनं सुई देऊन गाल बधिर केला आन शिंप्यासारखी पायानं चालवायची मशीन लावली. घर्रर्र! दाढ चहूकडून घासली, मेणाचा ठसा घेतला, आन पुढच्या खेपेले टोपी अशी बसवली का जीभ फिरवली तर गुळगुळीत!

आता घरी कोणी आलं का पाण्याच्या पहिले सासूबाई मलेच पुढं करतात, "उजेडाकडं तोंड कर वं पोरी, याइले पाहू दे." बुढेबी वाकून वाकून पाहतात. आन मी दोन्ही गालांनी फुटाणे खाऊन राह्यली, कडाकडा!

तुमचं सांगा ना आता. तुमच्यात कोणाची अशी वरून धड दिसणारी आन खाताना दगा देणारी दाढ होती काय? मंग तुम्ही उपटली, का वाचवली?