दोन चाकं बदलेपर्यंत

बाबांकडे मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप होती. मानपाड्याच्या एका कारखान्यात ते ड्रायव्हर होते, आणि सुट्टीचा बहुतेक दिवस त्या जीपखाली झोपून घालवायचे. गिअरच्या दांड्याशेजारी तिला आणखी एक आखूड दांडा होता. तो टाकला की इंजिन चारही चाकं फिरवायचं, काढला की फक्त मागची दोन. आमचं मूळ गाव दिव्याच्या पलीकडे, खाडीकाठी. पावसाळ्यात तिथल्या बांधावरच्या चिखलातून दुसरी कुठलीच गाडी जायची नाही. त्यामुळे कुणाला साप चावला, कुणी बाळंतपणात अडली, की बाबांना निरोप यायचा.

गावात बाबांची थोरली बहीण राहायची. माझी आजी लवकर गेलेली, त्यामुळे आत्यानेच त्यांना वाढवलं. लग्न झालं तेव्हा ती नवऱ्याच्या घरी या लहान भावाला सोबत घेऊन गेली होती. बाबा तिला बाय म्हणायचे. साठीला टेकलेला माणूस तिच्यासमोर बसला की ताटात पडेल ते निमूट खायचा.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असावा. मी ठाण्याला एका ऑफिसात नोकरी करत होते. गणपती नुकतेच गेलेले. सकाळी गावातला एकजण सायकलवरून आला आणि दारातूनच म्हणाला, "बाय गेली. पहाटे." मग जरा थांबून म्हणाला, "उधाण आहे. पाणी चढायच्या आत न्यायला लागेल. उशीर करू नका."

गावचं स्मशान अगदी खाडीला लागून होतं. उधाणाच्या भरतीला तिथे जायची वाट पाण्याखाली जायची.

बाबांनी लगेच जीप काढली. नाक्यावर त्यांनी ओळखीच्या दुकानदाराला दुकान उघडायला लावलं. भावाकडून शेवटचं लुगडं द्यायचं असतं. तीन-चार लुगड्यांचे काठ अंगठ्याने चाचपून त्यांनी एक जांभळं घेतलं. ते मांडीवर ठेवून मी शेजारी बसले.

शीळचा रस्ता सोडून आम्ही दिव्याच्या अंगाला वळलो. खडी टाकलेला कडक रस्ता होता. थोडं पुढे गेलो आणि जीप एका बाजूला ओढायला लागली. बाबांनी ब्रेक लावला. मागचं डावं चाक पार बसलं होतं.

"तसंच हळूहळू नेऊया का?" मी विचारलं.

"टायर फाटेल. रिमही वाकेल."

त्यांनी पुढच्या चाकाला दगड लावला आणि स्टेपनी काढली. ती चांगलीच झिजलेली होती. त्यांनी ती उभी करून बाकीच्या चाकांशी ताडून पाहिली. बोटभर तरी बुटकी होती.

"ही मागे लावून जमणार नाही," ते म्हणाले. "मागे एक चाक लहान, एक मोठं झालं तर त्यांच्यामधल्या गिअरच्या दात्यांवर सारखा ताण येतो. पुढचं चांगलं चाक काढून मागे लावतो आणि स्टेपनी पुढे. खडीवर फक्त मागच्या दोन चाकांवर जाऊ. चिखल लागला की मगच चारही टाकायची. चिखलात चाक घसरतं, ताण सुटतो. कडक रस्त्यावर टाकली तर गिअरबॉक्स फुटेल."

"म्हणजे दोनदा जॅक लावायचा?"

"हो."

मी घड्याळाकडे पाहिलं. त्यांनी ते पाहिलं असावं, कारण ते पाना हातात धरून क्षणभर नुसतेच उभे राहिले.

"ही बंद पडली तर उरलेल्या पावसाळ्यात गावाला कोण आहे?" ते म्हणाले. माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, कळलं नाही. "तू लुगडं घेऊन चालत हो पुढे. मी येतोय म्हणून सांग. थांबा म्हणावं."

त्यांना दमा होता. एवढं अंतर त्यांना चालवलं नसतं.

मी चपला हातात घेऊन बांधावरून निघाले. पोटऱ्यांपर्यंत चिखल लागला होता. पोहोचले तेव्हा आत्याला अंघोळ घालून ओटीवर ठेवलेली. मी आणलेलं लुगडं बायकांनी तिला नेसवलं. आत्याचे दीर सगळं बघत होते. त्यांना मी सांगितलं, "बाबा येतायत. चाक पंक्चर झालंय."

"थांबतो ना पोरी," ते म्हणाले.

ते दोनदा खाडीपर्यंत जाऊन पाणी बघून आले. तिसऱ्यांदा आले ते माझ्यासमोर उभे राहिले. "वाटेला पाणी लागलं गं. आता नाय थांबता येत."

पुरुषांनी तिला उचललं. आम्ही बायका अंगणातच थांबलो. रडणं ओसरून गेल्यावर कधीतरी जीपचा आवाज आला. चिखलाने माखलेली ती जीप दारात उभी राहिली. बाबांनी उतरून रिकाम्या ओटीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. खाडीच्या बाजूला धूर चढत होता. ते तिकडे चालत गेले, मध्ये मध्ये दम खायला थांबत. परत आले तेव्हा कमरेपर्यंत भिजलेले होते.

कुणी त्यांना बोल लावला नाही. पुढे कल्याणच्या मेकॅनिकने गिअरबॉक्स उघडून पाहिला आणि म्हणाला, "काका, एक दाताही झिजलेला नाही." बाबा बाहेर जाऊन बसले. त्याच पावसाळ्यात त्यांनी गावातल्या एका अडलेल्या पोरीला डोंबिवलीच्या दवाखान्यात आणलं. तिला मुलगा झाला. पेढे घेऊन लोक घरी आले. बाबांनी एक पेढा हातात घेतला आणि तो तसाच कपाटावर ठेवून दिला.

त्या संध्याकाळी ते म्हणाले, "एकच चाक बदलायला हवं होतं. फुटला असता गिअर, पण पोहोचलो असतो."

"मग या पोरीला कोणी आणलं असतं, बाबा?"

"ते कळतं गं मला."

मग त्यांनी विचारलं, "कशी दिसत होती बाय?"

मी सांगितलं, शांत दिसत होती. केसांना तेल लावलेलं. लुगड्याचा जांभळा रंग तिला शोभत होता.

नंतरच्या वर्षांत त्यांनी हे मला किती वेळा विचारलं असेल. मी दर वेळी तेच सांगायचे, आणि दर वेळी ते अगदी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे माझ्या तोंडाकडे बघत राहायचे.