ऑलिंपिकवीरांचा सागवानी फलक

जिमखान्याचा क्लार्क म्हणून मी अकरा वर्षं काढली. चार्ज देताना यादी केली, तेव्हा दोन व्हॉलीबॉल निघाले, दोन्ही पंक्चर. एक भाला निघाला, मधोमध वाकलेला. आणि गोळाफेकीचा एक गोळा, जो शिपाई दार उघडं राहावं म्हणून लावायचा. हे सगळं नव्या क्लार्कनं सही करून घेतलं. किस्से मात्र कोणी चार्जमध्ये घेत नाही. ते आपल्याकडेच साचत जातात आणि तुमच्यासारखी मंडळी चहाला आली की एकामागून एक बाहेर पडतात.

कॉलेज आमचं चांदा जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या अलीकडचं. गावाचं नाव सांगत नाही. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. कॉलेज नवं, वर्ग पत्र्याखाली, आणि शिकवण्यापेक्षा उद्घाटनं जास्त.

*

सुरुवात झाली नागभीड जंक्शनवर. आमचे प्रिन्सिपॉलसाहेब तिथं गाडीची वाट पाहत बसले होते, आणि कोणीतरी बाकावर टाकून गेलेलं एक इंग्रजी मासिक त्यांच्या हाती लागलं. त्यात लिहिलं होतं की अमेरिकेतली काही विद्यापीठं इतके ऑलिंपिक खेळाडू तयार करतात, की आख्ख्या देशांना तेवढे जमत नाहीत.

झालं. परत आल्याबरोबर मीटिंग.

"त्यांचं एक विद्यापीठ हे करू शकतं, तर आपलं एक कॉलेज का नाही?" साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. साहेब पुण्याकडचे होते. मूठ आपटून काम होतं यावर त्यांचा विश्वास होता.

पी.टी.चे गुरनुले मास्तर कोपऱ्यात उभे राहिले. मास्तर इथलेच, धानपट्ट्यातले. "साहेब, करू ना. पण मैदान नाई."

"मैदान नाही म्हणजे? संस्थेची दोन एकर जागा आहे!"

"हाय ना साहेब. पण तिथी आता रोवणी झाली."

खरंच झाली होती. ती जागा पावसाळा लागला की संस्थेचे अध्यक्ष बांधी करून धान लावायचे. साहेबांनी खिडकीतून पाहिलं. हिरवंगार धान डुलत होतं आणि मधे एक बगळा उभा होता.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "कापणी झाल्यावर ऑलिंपिक."

*

कापणी होईपर्यंत स्वस्थ बसतील ते साहेब कसले! मैदान नाही, बूट नाहीत, खेळाडू नाहीत, म्हणून त्यांनी आधी फलक करून घेतला.

आलापल्लीच्या डेपोतून उत्तम सागवान आणवलं. सहा फूट लांब, चार फूट रुंद, असं पॉलिश की तोंड दिसावं. वर सोनेरी अक्षरांत ओळ: 'आमच्या महाविद्यालयाचे ऑलिंपिक खेळाडू'. खाली एक ते वीस आकडे, आणि आकड्यांपुढं कोरी जागा. फलक हॉलमध्ये लागला. अध्यक्षांनी त्याचंही उद्घाटन केलं.

गुरनुले मास्तर तो वरपासून खालपर्यंत वाचत उभे होते. गंभीर चेहऱ्यानं त्यांनी विचारलं, "साहेब, वीसच? वीस पुरतीन का?"

मास्तर चिडवताहेत हे आम्हा सगळ्यांना कळलं. साहेबांना नाही कळलं. ते जरा विचारात पडले.

"नाही पुरले तर मागच्या बाजूला लिहू," ते म्हणाले.

*

दिवाळीनंतर धान निघालं आणि बांधीचं मैदान झालं. आता साहेबांनी स्टॉपवॉच आणलं. ते त्यांच्या कपाटात असायचं, किल्ली त्यांच्या जानव्याला. वेळ मोजायची ती त्यांनीच.

पहिला मुलगा शंभर यार्ड धावला. नऊ सेकंद. साहेबांचे डोळे चमकले. दुसरा धावला. नऊ सेकंद. तिसरा मधेच ढेकळात पडला, उठला, चड्डी झटकली आणि पोचला. नऊ सेकंद.

एवढ्यात संस्कृतचे प्राध्यापक लेक्चरला उशीर झाला म्हणून धोतर सावरत त्याच वाटेनं निघाले. साहेबांनी त्यांनाही मोजलं. नऊ!

त्या काळी जगात कोणी शंभर यार्ड नऊ सेकंदांत धावलं नव्हतं. साहेबांनी मला तिथंच तारेचा मजकूर सांगायला घेतला. तार विद्यापीठाला जाणार होती.

मास्तरांनी घड्याळ कानाला लावलं. "साहेब, हे बंद हाय."

"पण नऊ दाखवतंय."

"कालबी नऊच दाखवत होतं."

"मग त्याला सातत्य म्हणतात, गुरनुले," असं म्हणून साहेबांनी घड्याळ खिशात घातलं. तार मात्र मी लिहिली नाही. माझ्या नोकरीतली तेवढी एक बहादुरी.

*

आता लच्चू कोडापेबद्दल सांगतो. आमच्याकडे खरा धावणारा एकच होता, आणि तो साहेबांच्या योजनेत कुठंच नव्हता.

लच्चू आलापल्लीच्या पुढल्या जंगलातला गोंड, विशीतला. त्याचा बाप टपालाचा हरकारा. खांद्यावर टपालाची थैली, हातात घुंगराचा भाला, आलापल्लीपासून गावापर्यंत अठरा मैल. लच्चू लहानपणापासून बापाच्या मागं पळत आलेला. त्या गावातून मॅट्रिक होऊन कॉलेजात आलेला तो पहिलाच.

एकदा साहेब विद्यापीठाच्या मीटिंगला निघाले आणि फाइल टेबलावरच विसरले. मी स्टेशनवर पोचलो तर गाडी सुटलेली. लच्चू बाजूला उभा होता. म्हणाला, "द्या इकडं बाबूजी. नागभीडले गाडी पाणी घेते." आणि फाइल घेऊन शेतांमधल्या पांधणीनं सुटला.

नॅरोगेजची गाडी असली तरी गाडी ती गाडीच. नागभीडला साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं तर लच्चू फाइल धरून उभा! नुसता उभा, धाप नाही.

परत आल्यावर साहेबांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता फलक भरायला सुरुवात होणार.

"त्या कोडापेनं तास चालू असताना, परवानगी न घेता गाव सोडलं," साहेब म्हणाले. "त्याची दिवसभराची हजेरी कापा."

*

मास्तरांनी मात्र तेव्हापासून लच्चूला धरलं. विद्यापीठाच्या स्पर्धेत मैलाच्या शर्यतीत त्याचं नाव घातलं. विद्यापीठाच्या क्रीडा-सचिवांचं पत्रक आलं, की प्रत्येक स्पर्धकाकडे बूट असलेच पाहिजेत. लच्चूनं जन्मात बूट घातले नव्हते. मास्तरांनी स्वतःचे दिले. ते दोन बोटं मोठे.

शर्यत सुरू झाली. पहिल्या फेरीत लच्चू शेवटून दुसरा, पाय फरफटत. दुसऱ्या फेरीला तो थांबला. शांतपणे खाली बसला, बूट काढले, दोन हातांत दोन घेतले आणि उठला.

पुढचं काय सांगू? बूट हातात घेऊन तो पहिला आला.

क्रीडा-सचिव तणतणत आले. "बूट कुठं आहेत?"

लच्चूनं दोन्ही हात पुढं केले. "हे काय साहेब. सोडले नाई मी."

मास्तर इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. शेवटी सचिवांनीही हार मानली. म्हणाले, उन्हाळ्यात निवड चाचणी आहे, मेलबर्नच्या ऑलिंपिकसाठीची ही पहिली पायरी. मुलाला बोलावणं कॉलेजच्या पत्त्यावर येईल.

सुट्टी लागली त्या दिवशी लच्चू माझ्या टेबलापाशी आला. बापाचे गुडघे गेले होते. बाप म्हणाला होता, की चाचणीचं बोलावणं आलं तर आणखी एक वर्ष मी थैली उचलीन, तू शिक आणि पळ. नाही आलं तर कॉलेज सोड आणि थैली घे.

"पत्र आलं का लगेच धाडजा, बाबूजी," तो म्हणाला.

"धाडतो रे," मी म्हणालो.

*

शेवटचा किस्सा सांगण्याआधी फलकाचं पुढं काय झालं ते सांगतो, नाहीतर राहून जाईल.

मेलबर्न होऊन गेल्यावर विद्यापीठानं सगळ्या कॉलेजांना विचारणा केली, की तुम्ही किती ऑलिंपिक खेळाडू दिले? बाकीच्यांनी शून्य लिहिलं. आमच्या साहेबांनी फलकाकडे पाहिलं आणि एक लिहिलं. विद्यापीठानं ना कोणाला विचारलं, ना तपासलं. छापील यादी आली, त्यात आमचं कॉलेज पहिलं! साहेबांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषण, सगळं.

गुरनुले मास्तरांनी यादी वाचून विचारलं, "साहेब, दुसरा नंबर कोणाचा?"

"कोणाचाच नाही."

"मंग पयला यायले घाम नसंन लागला," मास्तर म्हणाले. आठवड्याभरात त्यांनी राजीनामा दिला.

*

आता तो एक आकडा कसा आला ते ऐका.

मे महिन्यात लच्चूचं बोलावणं आलं. चाचणीला बावीस दिवस होते. मास्तर गावी गेलेले. मी पत्र घेऊन साहेबांकडे धावलो. साहेब खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "पेंटरला बोलावा!"

पेंटर लग्नसराईत अडकलेला, भिंतींवर हत्ती आणि कलश काढत हिंडत होता. तो आला सातव्या दिवशी. एक नंबरपुढं सोनेरी अक्षरांत 'लच्चू कोडापे' लिहिलं. मी म्हटलं, आता पाठवू? साहेब म्हणाले, फोटो व्हायचाय. फलकाखाली साहेब, आणि साहेबांच्या हातात ते पत्र. पत्रच पाठवून दिलं तर फोटोत हातात काय धरायचं? फोटोग्राफर चांद्याहून यायचा होता.

मी म्हटलं, "निदान आलापल्लीला तार करू का? तिथून निरोप जाईल."

"तारेत लेटरहेड दिसत नाही," साहेब म्हणाले.

मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा नाही विचारलं. घरी चार माणसं खाणारी होती, आणि साहेबांची मूठ टेबलावर होती. खरं तर मी घाबरलो. मी पत्राची नक्कल करून गुपचूप पाठवू शकलो असतो. ते मला सुचलं, पण चौदाव्या दिवशी, फोटो निघाल्यावर. त्याच दिवशी मी पत्र पेटीत टाकलं.

नागभीड, चांदा, मग मोटारीनं आलापल्ली. आलापल्लीहून पुढं हरकारा. त्या महिन्यात बापाचे गुडघे पार आखडले होते, म्हणून बदली हरकारा म्हणून लच्चूच पळत होता. त्यानं थैली खांद्यावर टाकली, भाला घेतला आणि अठरा मैल निघाला. थैलीला लाखेचं सील. ते गावचा शाळामास्तर फोडायचा, तोच तिथला पोस्टमास्तर.

हा शाळामास्तर अहेरीला लग्नाला गेलेला.

लच्चू थैलीपाशी बसून राहिला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी शाळामास्तर आला, सील फोडलं. चाचणी आदल्या दिवशी होऊन गेली होती.

हे सगळं लच्चूनंच मला जूनमध्ये सांगितलं. कॉलेज सोडल्याचा दाखला न्यायला तो आला होता. अंगात हरकाऱ्याचा खाकी सदरा.

"अरे, एकदा तरी उघडून पाहायचंस," मी म्हणालो.

"सील होतं ना, बाबूजी," तो म्हणाला. मी दाखल्यांचं पुस्तक पुढं ओढलं.

हॉलमधून जाताना त्यानं फलक पाहिला. स्वतःचं नाव वाचलं, एकदा बोट लावून पाहिलं. रंग वाळला होता.

साहेब खुर्चीत होते. दाखल्यावर कॉलेज सोडण्याचं कारण लिहायचं असतं. साहेबांनी सांगितलं आणि मी लिहिलं: 'निवड चाचणीस गैरहजर राहिल्यामुळे.' माझ्याच अक्षरात आहे ते.

सही राहिली होती. साहेबांनी घड्याळ पाहिलं. अध्यक्षांकडे जेवायला जायचं होतं.

"सही नंतर करतो. दाखला पोस्टानं पाठवून देऊ तुला," साहेब म्हणाले.

लच्चू जागचा हलला नाही.

"पोस्टानं धाडला तरी मलेच न्या लागंन, साहेब," तो म्हणाला. "इथीच द्या."