दुधाचा पेला

माझ्या मुलीच्या मूत्रपिंडातल्या नळ्यांत जन्मापासून दोष आहे. त्यामुळे तिला मुतखडे होऊ शकतात. पहिल्या डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, "खाण्याकडे लक्ष द्या" एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. काय खायचं, काय टाळायचं, ते सांगायला त्यांना वेळ नव्हता. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

उल्हासनगरात माझं पडद्याच्या कापडाचं दुकान आहे. शेजारचा साडीवाला म्हणाला, "साईं, खडा म्हणजे कॅल्शियम. पहिलं दूध बंद कर." घासाघीस केल्याशिवाय मी सुतळीचा तोडाही घेत नाही, पण हा सल्ला तसाच घेतला. बेलवलीच्या आमच्या घरी जाऊन मुलीच्या हातातला पेला काढून घेतला. बायको नको म्हणाली, तिच्यावर ओरडलो.

चार महिन्यांनी लघवी तपासली, तर ऑक्झलेट आधीपेक्षा वाढलेलं. मी नव्या डॉक्टरीणबाईंवरच आवाज चढवला. त्या शांतपणे म्हणाल्या, "ऑक्झलेट वाढलं की खडे होतात. दुधातलं कॅल्शियम खाण्यातल्या ऑक्झलेटला पोटातच धरतं आणि शौचावाटे बाहेर काढतं. दूध बंद कुणी केलं?"

बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी पेला मीच भरून नेला. मुलीने तोंड फिरवलं.

"पप्पा, खडे होतील ना!"

"नाही होत, बाळा. माझंच चुकलं होतं."

"मग मम्मीला का ओरडलात?"

दिवसभर गिऱ्हाइकांची तोंडं बंद करणारा मी पेला धरून बसलो. दुधावर साय आली.