सेकोंदीनाचं सान मार्तीन

इटलीतल्या आमच्या या आस्तीकडच्या टेकड्यांवर कुणी विचारलं, "यंदा तुमचं सान मार्तीन का?" तर संत कुणाच्या डोक्यात येत नाही, बैलगाडी येते. द्राक्षं उतरलेली असत, वाईन पिंपांत निजलेली असे, आणि नोव्हेंबरच्या अकराव्या तारखेला, त्या संताच्या सणाला, वाट्याने मळा करणाऱ्यांचा करार संपे. मालक नको म्हणाला, की खाटा, हंडे, कोंबड्या, म्हातारी, सगळं गाडीवर घालायचं आणि दुसऱ्या टेकडीची वाट धरायची. तेव्हापासून बिऱ्हाड हलवण्यालाच इथे सान मार्तीन म्हणतात.

सेकोंदीनाचं बालपण असंच गाडीवर गेलं. तिचं काम ठरलेलं, मांडीवर कोंबडी धरून बसायचं. कोंबडी ऊबदार असते, आणि रडू आलं तर तिच्या पिसांत तोंड खुपसता येतं. शाळा दर टेकडीवर नवी, त्यामुळे अक्षरओळख दर वेळी पहिल्या अक्षरापासून. पुढे एवाझिओने मागणी घातली, तेव्हा तो दिसायला कसा आहे हे तिने पाहिलंच नाही. यथातथाच होता, तेव्हा ते बरंच झालं. तिने एकच विचारलं, घर कुणाचं? घर त्याचंच होतं. वर दोन-तीन खोल्या, खाली खडकात खोदलेलं तळघर.

"मग मला आता सान मार्तीन नाही," ती म्हणाली.

"आहे की," तो म्हणाला. "एकदाच. चौघांच्या खांद्यावरून."

त्या वाटेने तोच आधी गेला, त्याला तीन वर्षं होत आली. तोवर टेकडीवरची घरं एकेक करून बंद पडत गेली होती. कुणी शहरात गेलं, कुणी कबरस्तानात. मुलगा दारिओ तोरीनोला राहतो, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. या उन्हाळ्यात सेकोंदीना तळघराच्या पायऱ्यांवर घसरली आणि हाक ऐकायला कुणी नाही म्हणून दुपारभर तिथेच पिंपांशी बोलत बसली. तेव्हा दारिओने निक्षून सांगितलं, सान मार्तीनपर्यंत काय ते ठरव. ती म्हणाली, पितरांची रात्र होऊ दे, मग सांगते.

का, ते तिने सांगितलं नाही. तिला एवाझिओला विचारायचं होतं.

पितरांच्या रात्री, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, इकडे टेबलावर उकडलेले चेस्टनट आणि वाईनचा पेला मांडतात, चुलीत विस्तव राखतात, आणि घरातली जिवंत माणसं लवकर निजून वाट मोकळी करून देतात. आजवर एवाझिओचा वाटा सकाळी जसाच्या तसा सापडला होता. त्याचं तिने मनाला लावून घेतलं नव्हतं. जिवंतपणी तरी तो एका हाकेत जेवायला कधी आला होता? पण यंदा वाटा मांडताना ती मोठ्याने म्हणाली, राहू की जाऊ एवढं सांग, आणि आलास तर खाऊन जा, म्हणजे आल्याचं मला कळेल.

आईला तेवढीच सोबत म्हणून दारिओने वरची खोली पाहुण्यांसाठी इंटरनेटवर लावली होती. त्या दिवशी हॉलंडचा एक मास्तर यायचा होता. संध्याकाळच्या बसला काही तो उतरला नाही. तेव्हा किल्ली कुंडीखाली ठेवून ती निजली.

सकाळी पाहते तो वाडगा रिकामा. पेलाही रिकामा.

खुर्ची ओढून ती बसली, पदराने डोळे पुसावेत तसे एप्रनने पुसले, आणि मग तिचं लक्ष साली कुठे आहेत तिकडे गेलं. साली कागदी रुमालात नीट गुंडाळून वाडग्याशेजारी ठेवल्या होत्या. एवाझिओ साली पेल्याच्या तळच्या वाईनमध्ये टाकायचा. त्यावरून दोघांनी जन्मभर भांडण केलं होतं. मेल्यावर माणूस बराच सुधारत असेल, पण इतका नाही.

तेवढ्यात जिन्यावरून मास्तर उतरला. उंच, जरा वाकलेला, कानाशी पिवळे केस. यूस्त त्याचं नाव. पुस्तकातून शिकलेल्या इटालियनमध्ये एकेक शब्द जुळवत तो म्हणाला, "सिन्योरा, बस चुकली माझी. तरी तुम्ही माझ्यासाठी जेवण ठेवलंत. इतकं माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं."

मेलेल्याचा घास खाल्लास, हे असल्या तोंडाला कसं सांगायचं?

"पुरलं ना?" तिने विचारलं.

खालच्या रस्त्यावर राहणाऱ्या एर्मेलिंदाला हे कळल्यावर ती पोट धरून हसली. "म्हणजे एवाझिओ आला तो वीतभर उंच होऊन आणि सोनेरी केस लावून. मरण मानवलं गं त्याला." मग डोळे पुसत म्हणाली, की पूर्वी सकाळी तो वाटा भिकाऱ्यालाच जायचा, याने आदल्या रात्रीच उचलला एवढंच. "आणि माझी आई काय म्हणायची? मेलेल्याचा वाटा जो खातो, त्याच्या तोंडून मेलेला बोलतो. विचार त्याला. पुस्तकात बघून सांगेल."

सेकोंदीना हसली. पण त्या दिवसापासून मास्तर काय बोलतो इकडे तिचे कान लागले.

तो बोलायचा पुष्कळ. रोज सकाळी निघायचा, जुनी गावं, देवळं, किल्ले पायी पालथे घालायचा आणि चिखलाचे बूट दारात काढून पाहिलेलं सगळं तिला सांगायचा. ती सूप ढवळत ऐकायची. यातलं बरंचसं तिच्या खिडकीतून दिसत होतं, पण तिथे जाण्याचं काही कारण तिला कधी पडलं नव्हतं. एकदा तो पलीकडच्या गावच्या बुरुजावर चढून आला. तिने विचारलं, तिथून आमचं घर दिसतं का?

"लगेच ओळखलं," तो आनंदाने म्हणाला. "सगळ्या टेकडीवर एकाच धुराड्यातून धूर येत होता. फार सुंदर दिसत होतं."

सुपात मीठ घातलंय की नाही ते आठवेना, म्हणून तिने पुन्हा घातलं. मास्तराने खारट सूप मुकाट्याने संपवलं. त्यानंतर चुलीत लाकूड सारताना तिचा हात जरा अडायचा.

तो निघाला ती तारीख नेमकी अकरावी. दारिओची गाडी दारात येऊन उभी होती, दारिओ आईचं उत्तर ऐकायला हात बांधून उभा. मास्तराने पाठीवर पिशवी चढवली, तिचा हात हातात घेतला आणि सणाचं काय म्हणतात ते पुस्तकातून पाठ करून आलेला असल्यामुळे स्पष्ट, खणखणीत म्हणाला, "सिन्योरा, तुम्हाला शुभ सान मार्तीन."

दारिओ खजील होऊन दुसरीकडे पाहू लागला. आपण काय बोललो हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. उतारावरून तो शीळ घालत गेला.

सेकोंदीना खुळी नव्हती. सणाच्या शुभेच्छा तिला कळत होत्या. पण उत्तर मागितलं तिने होतं, आणि ते कुठल्या तोंडातून यावं हे मागणाऱ्याने ठरवायचं नसतं.

"आई, मग काय?" दारिओने विचारलं.

"ऐकलंस ना. एवढं स्पष्ट तुझा बाप जन्मात बोलला नव्हता."

सामान फार निघालं नाही. विस्तव मात्र तिने विझवला नाही, नुसता राखेखाली झाकला. एर्मेलिंदा निरोप द्यायला वर आली, तिच्याकडे तिने किल्ली दिली आणि बजावलं, दर वर्षी पितरांच्या रात्री एवाझिओचा वाटा इथेच मांडायचा.

"आणि पुन्हा कुणी हॉलंडवाल्याने खाल्ला तर?"

"खाऊ दे. साली पेल्यात टाक म्हणावं."

दोघी हसल्या, आणि मग ते हसू दोघींनाही टिकवता येईना.

कोंबडी एकच उरली होती. बिल्डिंगमध्ये चालत नाही, दारिओ म्हणाला, म्हणून ती एर्मेलिंदाच्या काखेत गेली. गाडी वळणावर आली तेव्हा धुराड्यातून अजून थोडा धूर निघत होता, बारीक, निघू की नको असा. सेकोंदीना पुढच्या सीटवर ताठ बसली होती. दारिओने पट्टा बांधून दिला, हीटर लावला, ऊब येतेय का विचारलं. येतेय म्हणाली.

मांडी रिकामी होती. हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.