खुंटीवरची फुफायका

लुकिया मावशीचं तोंड म्हणजे तोफखाना, पण पोल्तावा शहरातल्या त्या कॉलेजात तिच्याइतका जीव लावणारं दुसरं माणूस नव्हतं. तळमजल्यावर कोट ठेवायच्या खोलीत ती बसायची. हिवाळ्यात अंगातल्या कोटासकट वर्गात जायचं नाही, हा तिथला शिरस्ता. कोट मावशीकडे द्यायचा, बिल्ला घ्यायचा. कोटाला मानेपाशी अडकवायचा बंद नसला की मावशी भडकलीच, "मग खुंटीला काय तुझा कान अडकवू?" भडकायची आणि पोरगं वर्गात गेलं की स्वतःच सुईदोरा काढून बंद शिवून टाकायची. कुणी सांगितलं होतं तिला? कुणीच नाही!

पोरांच्या तोंडी सगळे परदेशी शब्द. हुडी, बॉम्बर, पफर, लोफर. खुंट्यांवर कोटच कोट, नुसतं जॅकेट म्हणून भागायचं कसं? मावशीनं ते शब्दही उचलले. "नझार, हा घे तुझा बॉम्बर. आणि बर्फात हे लोफर बूट घालून मिरवतोस, सर्दी झाली की माझ्याकडे शिंकत येऊ नकोस!"

परीक्षेच्या सकाळी रांगेच्या टोकाला ओदार्का उभी होती. पहिल्या वर्षाची, खेड्यातली पोर. अंगात फुफायका, म्हणजे गोठ्यात घालतात तसला कापूस भरलेला, रंग उडालेला जाडजूड कोट. रोज ती तो जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत लपवायची. आज तिथं कुलूप होतं. कोट घालून परीक्षेला बसू देणार नव्हते, आणि मावशीकडे द्यायचा तर अख्खा वर्ग बघणार. तिचा नंबर आला तशी ती दाराकडे वळली.

"कुठं निघालीस गं? परीक्षा वर आहे!"

"मला नाही द्यायची परीक्षा." पोरीचे डोळे भरले होते. विरलेल्या बाह्या ती मुठीत लपवत होती.

मावशी काय ते समजली. खणखणीत आवाजात म्हणाली, "अगं बाई! ओव्हरसाइज! व्हिंटेज! आण, आण इकडं. सरका रे, असला माल दुकानात मिळत नाही."

नझार हसला. "मावशी, व्हिंटेज म्हणजे काय, माहितेय का?"

"जे तुझ्याकडे नाही ते! हो बाजूला."

सगळे हसले, ते नझारला. ओदार्का बिल्ला घेऊन धावत वर गेली.

फुफायकेचा बंद तुटलेला होता. मावशीनं तो शिवला. आत जागोजाग हातानं घातलेले बारीक टाके होते, ते बघत ती जरा वेळ बसली.

परीक्षा सुटली. फुगीर पफर घातलेली एक मुलगी ओदार्काच्या मागेच लागली, "सांग ना, कुठल्या दुकानातून घेतलास?"

मावशीनं एखादं भारी नाव ठोकून द्यायला तोंड उघडलंच होतं.

"दुकानातला नाही," ओदार्का म्हणाली. "आईची फुफायका आहे. ती हीच घालून धारा काढायची. मी इकडं यायला निघाले तेव्हा बसपाशी तिनं अंगातून काढून मला घातली."

मावशीनं ते भारी नाव गिळून टाकलं. मग ती बाहेर आली, फुफायका दोन्ही हातांनी धरली आणि पोरीच्या खांद्यांवर घातली.