ओटी की पगार

शुद्धलेखनाच्या चुकांची माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली, आणि कारखान्यात बाटल्यांची झाकणं पिळून पिळून बोटं आखडली आहेत, म्हणून अक्षरही वाकडं येतं. कोणाला दाखवायला लिहीत नाही. कधी कोणाच्या हाती लागलंच तर सांभाळून घ्यावं.

न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्या वर्षाच्या शेवटी आमचा अत्तराचा कारखाना बंद झाला. ह्यांची पाठ धरलेली, घरात पगार माझाच. न्यूजर्सीत आयसेलिनला एका काकूंच्या घरात वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. बेकारी भत्त्यातून भाडं जायचं, उरेल त्यात जेवण. वसंतात भत्ता संपला. काम विचारायला दुकानात जायची, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही, तशीच परत यायची. खोल्या सुटल्या तर जायचं कुठे, एवढंच डोक्यात. मग सरकारने भत्ता तीन महिने वाढवला. आनंद झाला असं म्हणवत नाही. नुसती खाली बसले.

भत्त्यासाठी दर पंधरवड्याला फोन करावा लागे. टेपवरचा आवाज विचारी, काम केलं का? ह्यांनी 'हो'-'नाही'ची बटणं शिकवली होती.

त्यातच काकूंच्या लेकीचं डोहाळजेवण आलं. सगळा स्वयंपाक मी केला. शेवटी काकूंनी माझी ओटी भरली, खण, नारळ आणि एक पाकीट. पाकिटात शंभर डॉलर.

फोनच्या दिवशी माझं बोट थांबलं.

"दाब की 'नाही'चं," हे म्हणाले.

"पण काम केलं ना मी. पाय सुजले होते."

"अगं, ओटी होती ती! उद्या हळदीकुंकवाचं वाणही सरकारला कळवशील."

मी 'हो'चं दाबलं. भत्ता थांबला, चौकशी लागली. काकूंनाही विचारणा झाली. त्या जिना चढून वर आल्या.

"मी काय तुला नोकरीला ठेवलं होतं? लेकीसारखी ओटी भरली तुझी!"

"हो काकू."

"मग पगार कसा म्हणालीस?"

"अहो, एवढ्या माणसांचं जेवण..." भाडं थकलं होतं, पण त्याबद्दल एक शब्द न काढता त्या खाली गेल्या. तेच मनाला जास्त लागलं.

चौकशी फोनवर झाली. मध्ये दुभाषी म्हणून हिंदी बोलणारी एक बाई होती. तिने विचारलं, पैसे भेट होते की मजुरी? म्हटलं, दोन्ही; पाकिटाबरोबर नारळ होता. ती चौकशीच्या साहेबाला इंग्रजीत बरंच काही सांगत राहिली. नारळाचं तिने काय केलं, देव जाणे.

निकाल लागेस्तोवर उन्हाळा सरला. त्या एका आठवड्याचे पैसे कापून बाकीचे मिळाले. ते तसेच काकूंना दिले, तरी भाडं पुरतं फिटलं नाही, आणि वाढवलेले महिनेही संपले. शेवटी एका हॉटेलात भाज्या चिरायचं काम मिळालं. दर शुक्रवारी जमतील तेवढे पैसे काकूंच्या ओट्यावर ठेवायची आणि वर यायची. त्या "सावकाश दे गं" म्हणायच्या, पण घ्यायच्या. स्वयंपाकाला मात्र पुन्हा बोलावलं नाही.

संक्रांतीच्या आधी शेवटचे पैसे ठेवले. काकूंनी गॅस बारीक केला, नोटा उचलल्या.

"झालं गं सगळं," त्या म्हणाल्या. "आता काही बाकी नाही."