पोत्याच्या तोंडाशी

अफझलगंजच्या बाजारात प्रतापरावांना फसवणारा अजून जन्मायचा होता. चाळीस वर्षं डाळीचा धंदा. पोतं उघडलं की वरचा माल ते बघायचेच नाहीत. लोखंडी नळी आत खुपसून मधली तूरडाळ तळहातावर घ्यायचे. पोत्याच्या तोंडाशी सगळेच चांगला माल ठेवतात, हे त्यांना पक्कं ठाऊक.

त्यामुळे दुकानात छातीत कळ आली, मुलगा विकास त्यांना दवाखान्यात घेऊन गेला आणि अँजिओग्राफी करून डॉक्टर म्हणाले, "तीन रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, तिन्हींत स्टेंट घालू," तेव्हा प्रतापरावांच्या मनात पाल चुकचुकली. एक नाही, दोन नाही, थेट तीन? आणि उद्याच दाखल व्हा? घाई करणाऱ्याचा माल ते कधीच घेत नसत. तपासणीची सीडी काखोटीला मारून सरळ घरी आले.

आठवड्यानं ते दुसरं मत घ्यायला हिमायतनगरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे निघाले. रिक्षात त्यांनी बायकोला, इंदुताईंना, बजावलं, "तू तोंड उघडायचं नाही. आपली गरज दिसली की समोरचा चढून बसतो."

बाईंनी सीडी पाहिली. "चाचा, सीढी चढते वक्त सीने में दर्द होता?"

"कुछ बी नई होता. पोट्टा जबरदस्ती लेके गया."

बाईंनी पडद्यावरची चित्रं पुन्हा एकदा पाहिली. "तकलीफ बिलकुल नई, तो अभी गोलियों पे रुक सकते."

प्रतापरावांनी विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं. त्या पहिल्याची चोरी कशी पकडली!

"अहो," इंदुताई म्हणाल्या, "आपल्या अंबरपेठच्या जिन्यात सातव्या पायरीवर तुम्ही चप्पल नीट करायला बसता. बाराव्या पायरीवर किल्ली शोधायला. किल्ली माझ्याकडे असते."

"गप बस."

"नाही बसणार. भीती वाटते मला. आयुष्यभर लोकांची पोती तपासलीत, आणि आज तुम्हीच वरवरचं दाखवताय?"

"क्या बोल रए अम्मा?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच सांगा त्यांना," इंदुताई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या.

प्रतापरावांना काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण इंदुताई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, ते स्वतः तळहातावरच्या डाळीकडे बघायचे तशा. एवढ्या वर्षांत त्यांच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांना लाज वाटली.

प्रतापरावांनी घसा खाकरला. "सातवीं सीढी पे बैठ जातूं मैं," ते म्हणाले. "छे महिने से."